चेहऱ्यावरचे वण आणि मंडळीची नजर

तोंडावरचे वण लेसरने काढून घेणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय, असे शब्बाथशाळेतील एखाद्या थोरल्या मुलीने विचारले, तर १ शमुवेल १६ वा अध्याय उघडून, परमेश्वराची दृष्टी बाहेरच्या रूपावर नसते, असे सांगून आपण मोकळे होतो. उत्तर खरे आहे. पण ते देणाराला फार स्वस्त पडते.

प्रथम हा उपचार काय ते पाहू. त्यात वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. हे गृहस्थ जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे आपल्याच मुलखातले! कातडीतील पाणी ते किरण शोषून घेते, वरचा पातळ थर वाफ होऊन जातो आणि खालून नवी कातडी येते. तोवर चेहरा लाल व सुजलेला राहतो, उन्हाला जपावे लागते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णात मागाहून काळे डाग उमटण्याचा धोका अधिक. मुरुमांचे खड्डे उथळ होतात, साफ बुजत नाहीत. माणूस गोरा तर मुळीच होत नाही.

मग हे पाप आहे काय? मला तसे वाटत नाही. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध केले (मार्क १:४०-४२). तुझे अंतःकरण चांगले आहे, तेवढे पुरे, असे सांगून त्याला परत पाठविले नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यांना डोक्याच्या केसाळ कातडीतून भुवया बसवून देत. रोग गेला होता. पण भुवया नसलेला चेहरा पाहून त्यांना कोणी कामाला ठेवीना. शस्त्रक्रिया रोग्याला सोसावी लागली, दोष मात्र पाहणारांचा होता.

आपणही पाहणारेच आहोत. बेळगाव कॅम्प असो की निपाणी, उपासना सुटल्यावर आवारात सोयरिकीच्या गोष्टी निघतात, तेव्हा मुलीचे शिक्षण नि स्वभाव मागे राहून तिचा रंग आधी निघतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत देवीचे वण घरोघरी होते, त्यांचे संसार झालेच. १९७५ नंतर देवी देशातून गेली. निर्मळ कातडीचा हट्ट मात्र वाढला.

म्हणून शिक्षकांनी त्या मुलीला आधी एवढेच विचारावे : बाळ, हे तुला हवे आहे, की कोणी सांगितले? भाजल्याच्या वणाने ओठ ओढला जात असेल, तर तिला चांगल्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि घरची ऐपत नसेल तर मंडळीने खर्चाला हात लावावा. पण मुलाकडच्यांनी तशी अट घातली असेल, तर पाळकसाहेबांनी मुलीची समजूत काढीत बसू नये. त्यांनी दोन वडील मंडळी बरोबर घेऊन मुलाच्या घरी जावे.