राज्याचा हक्क, पण कशासाठी?

अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाशी वऱ्हाडाचे नाते जोडले ते कापसाने. उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळलेही. ६ लाखांहून अधिक माणसांचा बळी घेणारे ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी लढले गेले, असे आजही आवर्जून सांगितले जाते. वेगळ्या विदर्भाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या आपण हा दावा नीट पारखून घेतला पाहिजे, कारण केंद्र मोठे की राज्य या वादात हक्क कशासाठी हवा, हा पहिला प्रश्न असतो.

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले. त्याच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार अशी, की पळून आलेले गुलाम परत करण्याचे बंधन उत्तरेकडची राज्ये स्वतःचे कायदे करून झुगारतात. म्हणजे हक्क उत्तरेकडची राज्ये वापरत होती आणि दक्षिणेला तोच खुपत होता. पळालेल्यांना पकडण्यासाठी केंद्राचे हात बळकट करणारा १८५० चा कायदा दक्षिणेलाच हवा होता. फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतःची घटना केली, तेव्हा गुलामांवरची मालकी हिरावणारा कायदा करण्यास तिने मनाई केली. १८६२ मध्ये त्यांच्याच केंद्राने राज्यांचा विरोध डावलून सक्तीची लष्करभरती लादली. खरा वाद जकातीचा होता, असा आक्षेप घेतला जातो. पण जकातीवरून १८३२ मध्ये पेटलेले भांडण पुढच्याच वर्षी तडजोडीने मिटले, आणि १८५७ च्या कायद्याने तर जकातीचे दर उतरवले होते. गुलामगिरीवर मात्र तडजोड टिकली नाही.

हा इतिहास डॉ. आंबेडकरांपुढे होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले, की फुटून निघण्याचा हक्क राज्यांना नाही हे ठरवायला अमेरिकेला युद्ध करावे लागले, म्हणून आपण ते आधीच स्पष्ट करून ठेवावे. मात्र राज्यांच्या सीमा बदलण्याची वाट घटनेच्या तिसऱ्या कलमाने मोकळी ठेवली. १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यातच होता. कायद्याने सीमा हलली, युद्ध झाले नाही. यावर आक्षेप येतो, की मग केंद्र कोणतेही राज्य मनमानीने तोडील. ही भीती खोटी नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळूनही तेलंगणा झाले. पण त्यावरचा उपाय फुटून निघण्याचा हक्क हा नव्हे. राज्याचे म्हणणे नुसते मागवून न ठेवता त्याचे वजन मानण्याची सक्ती, हा आहे.

विदर्भाची मागणी घटनेच्या याच चौकटीतली आहे, म्हणून तिला दक्षिणेच्या बंडाशी जोडणे अन्यायाचे ठरेल. पण कशासाठी, हा प्रश्न तिलाही चुकत नाही, आणि तिच्या विरोधकांनाही नाही. विदर्भाला वेगळा उपप्रांत देऊ करणारा १९४७ चा अकोला करार अमलात आला नाही. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्यांची हमी दिली. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. अनुशेष भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये आलेल्या विकास मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली. संयुक्त महाराष्ट्राचा आग्रह धरणाऱ्यांनी या शब्दांचा हिशेब द्यायला हवा. आणि वेगळे राज्य मागणाऱ्यांनी हे सांगायला हवे, की मुंबईतली सत्ता नागपुरात येऊन थांबेल, की सिंचनाचे आणि कापूस-संत्र्याच्या बाजाराचे निर्णय जिल्हा परिषद आणि ग्रामसभेपर्यंत पोचतील. त्या उत्तरावर राज्याच्या हक्काची किंमत ठरेल.