सरमेचा प्रश्न

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. आपल्या शेजारच्या कन्नडातही ‘शिक्षे’ म्हणजे दंडच. हिंदीत मात्र हाच शब्द विद्येसाठी वापरतात. त्यामुळे उत्तरेकडून बदलून आलेल्या एखाद्या नोकरदाराचा मुलगा आमच्या शाळेत दाखल झाला, की या शब्दावरून वर्गात एकदा तरी हशा पिकतोच. मूळ धातू एकच आहे आणि त्याचा अर्थ शिकणे असा आहे. दंड करणाऱ्याने काही शिकवलेही पाहिजे, ही अपेक्षा त्या शब्दाच्या पोटातच दडलेली आहे. शाळेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणाला, कशासाठी आणि किती शिक्षा करावी, हा प्रश्न रोज पडतो. पण अपराधी जेव्हा लाखो लोकांच्या गळ्यातला ताईत असतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलता येत नाही, तेव्हा हा प्रश्न फार अवघड होऊन बसतो.

अमेरिकेतला एक खटला या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. मायकेल व्हिक हा तिथल्या फुटबॉलमधला अत्यंत गाजलेला खेळाडू. (तिथला फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पोरे पायाने खेळतात तो नव्हे, चेंडू हातात धरून धावण्याचा तो खेळ.) अटलांटा फाल्कन्स या संघाने २००४ साली त्याच्याशी दहा वर्षांसाठी तेरा कोटी डॉलरचा करार केला होता. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या त्याच्या मालकीच्या एका जागेवर पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा तिथे पन्नासहून अधिक कुत्री सापडली. २००१ पासून तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा चालू होता. कुत्री वाढवायची, झुंजवायची, त्यावर पैसे लावायचे, आणि जी झुंजीत कमी पडतील ती मारून टाकायची. फास लावून आणि पाण्यात बुडवून कुत्री मारल्याचे न्यायालयापुढे आले. व्हिकने ऑगस्ट २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, आणि १० डिसेंबर २००७ रोजी त्याला तेवीस महिन्यांचा कारावास झाला.

ही शिक्षा न्याय्य होती का? त्यावर अमेरिकेत जो वाद माजला, तो पुरता शमलेला नाही. कोणी म्हणाले, एवढ्याने काय होते? कोणी म्हणाले, कुत्र्यांसाठी माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त केले. व्हिक कृष्णवर्णीय असल्याने त्या वादाला वंशभेदाची किनारही होतीच.

या वादात शिरण्यापूर्वी आपल्या घरातली एक गोष्ट आठवते. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर चालणारे कुत्रे सर्वांना ठाऊक आहे. त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, आणखी एक कुत्रे येते, ते फारसे कोणाला आठवत नाही. राजा जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर सत्र करीत असतो. देवांची कुत्री सरमा, तिचे पिल्लू तिथे येते. राजाचे भाऊ त्याला मारतात आणि ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू हविष्याला तोंड लावलेस का? नाही. त्याकडे पाहिलेस तरी का? नाही. तेव्हा सरमा थेट यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, की याचा काही अपराध नसताना याला का मारले? त्यावर कोणीही काही बोलत नाही. मग ती शाप देते, की तुमच्यावर अकल्पित भय येईल.

या कथेतल्या शापापेक्षा मला तिथला अबोला महत्त्वाचा वाटतो. सरमेने आधी कोणाचे शासन मागितले नव्हते, तिने उत्तर मागितले होते. शिक्षेचे बीज मला इथे दिसते. ज्याने दुसऱ्याला दुखवले, त्याला त्या दुःखाचा जबाब द्यायला लावणे हे शिक्षेचे पहिले काम. व्हिकच्या खटल्यातही हेच घडले. सरकारी वकिलांनी बारा ते अठरा महिन्यांची शिफारस केली होती. न्यायाधीशांनी ती ओलांडली, कारण आरोपीने आपल्या कृत्याची पूर्ण जबाबदारी घेतली आहे असे त्यांना वाटले नाही. कुत्री मारण्यातला आपला स्वतःचा हात किती, हे सांगताना त्याने आधी आडपडदा ठेवला होता. अर्धवट उत्तराची किंमत त्याला मोजावी लागली, आणि ते मला योग्य वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत बोचरा आक्षेप तुलनेचा आहे. व्हिक तुरुंगातून सुटण्याच्या सुमारास त्याच खेळातला दुसरा एक खेळाडू, डॉन्टे स्टॉलवर्थ, याने मार्च २००९ मध्ये मायामी बीच शहरात दारूच्या अंमलाखाली गाडी चालवून एका पादचाऱ्याचा जीव घेतला. त्याला तुरुंगवास किती झाला? तीस दिवस. पुढे दोन वर्षे घरात स्थानबद्धता आणि आठ वर्षे देखरेख होती हे खरे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते तीस दिवस. माणूस मारला तर महिना आणि कुत्री मारली तर दोन वर्षे, हा कसला न्याय, असे लोक विचारू लागले. प्रश्न रास्त आहे; पण त्याचे उत्तर कुत्र्यांच्या खटल्यात शोधणे चुकीचे. स्टॉलवर्थचा अपराध घोर बेपर्वाईचा होता, व्हिकचा ठरवून, सहा वर्षे, पैसे आणि मौज यांसाठी केलेला. कृत्याचे फळ आणि कृत्यामागचा हेतू अशी दोन्ही पारडी न्यायाला पाहावी लागतात. शिवाय तीस दिवस कमी वाटत असतील, तर ते वाढवावेत अशी मागणी करावी. एका ठिकाणी माप कमी पडले म्हणून दुसऱ्या ठिकाणचे बरोबर माप खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या ताटाशी येतो. तुम्ही मटण खाता, कोंबडी कापता, आणि कुत्रे झुंजवणाऱ्याला तुरुंगात घालता? शाकाहारी वाचकांनी लगेच मान डोलावू नये. दूध आणि चामड्याच्या चपला त्यांच्याही घरात आहेत. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याने आपल्याला अस्वस्थ केलेच पाहिजे. सायकलला उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो. पण अन्नासाठी जीव घेणे आणि जीव तडफडताना पाहून टाळ्या पिटणे, यांत फरक आहे. पहिल्यात वेदना हा टाळण्याजोगा दोष असतो, दुसऱ्यात तीच करमणूक असते. हा आक्षेप आपल्याला आपल्या बाजाराकडे पाहायला लावतो, पण आरोपीला सोडवीत नाही.

तिसरा आक्षेप चालीरीतीचा. व्हिक ज्या वस्तीत वाढला, तिथे लहानपणापासून त्याने कुत्र्यांच्या झुंजी पाहिल्या होत्या. आपल्या या टापूतल्या माणसाला हे नवे नाही. गोव्यातल्या धिर्यो मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने बंद झाल्या, तरी त्यांच्या बाजूने बोलणारे सापडतातच. बैलगाड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मनाई केली. मग महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू यांनी आपापले कायदे बदलले, आणि मे २०२३ मध्ये ते बदल घटनापीठाने मान्य केले. माझ्या मते चालीरीतीने अपराधाचे आकलन होते, माफी होत नाही. शेतकरी आपल्या बैलाला लेकरासारखे जपतो हे मी पाहिले आहे, आणि शर्यतीत त्याच बैलाची शेपटी पिरगाळली जाते हेही पाहिले आहे. दोन्ही खरे आहे. म्हणूनच प्रथा चालू ठेवायची असेल तर तिच्यातली वेदना काढून टाकण्याची जबाबदारी प्रथेच्या अभिमान्यांचीच आहे. कुत्र्यांच्या झुंजीतून वेदना काढली, तर मागे काहीच उरत नाही.

चौथा प्रश्न कीर्तीचा, आणि तो शिक्षकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. एखाद्या बड्या घरातल्या मुलाने आणि एखाद्या धनगराच्या मुलाने मिळून एकच खोडी केली, तर दोन मोह होतात. एक, बड्या घरच्याला हळूच सोडण्याचा. दुसरा, आपण कोणाला भीत नाही हे दाखवण्यासाठी त्यालाच दुप्पट चोपण्याचा. दोन्हींत मुलाच्या कृत्यापेक्षा त्याच्या बापाकडे जास्त पाहिले जाते. प्रसिद्ध माणसाला ‘धडा घालून देण्यासाठी’ जास्त शिक्षा करा म्हणणारे हाच दुसरा मोह बोलून दाखवतात. न्यायालयाने कृत्य पाहावे. कीर्तीचा हिशेब संघाने, जाहिरातदारांनी आणि प्रेक्षकांनी करावा. कीर्ती त्यांनीच दिलेली असते.

मात्र श्रीमंतीचा विचार न्यायालयाला टाळता येणार नाही, कारण दंडाची रक्कम तिच्यावर ठरते. इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम संघाचा फ्रेंच खेळाडू कुर्त झूमा याने घरातल्या मांजराला लाथ मारली, चपराक लगावली. भावाने त्याचे चित्रण केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते जगापुढे आले. दुसऱ्याच दिवशी संघाने त्याला मैदानात उतरवले, तेव्हा लोक खवळले. मग संघाने त्याचे दोन आठवड्यांचे वेतन, अडीच लाख पौंड, दंड म्हणून घेतले आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले. एवढी रक्कम ज्याला पंधरा दिवसांत मिळते, त्याला पैशाच्या दंडाने काय कळणार? म्हणून १ जून २०२२ रोजी लंडनच्या न्यायालयाने दिलेला निकाल मला विशेष शहाणपणाचा वाटतो. त्याला एकशे ऐंशी तास बिनमोल समाजसेवा करायला लावली, आणि पाच वर्षे मांजर पाळायला बंदी केली. पैसा कोणाकडे कमी, कोणाकडे जास्त. पण दिवसाचे तास राजाला आणि रंकाला सारखेच. घामाचा दंड सर्वांना एकाच भावाने पडतो.

आपल्याकडे काय आहे? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला गेला. त्या काळी कष्टकऱ्याच्या घरात पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज ती चहापाण्यातच संपते. जनावर मारले किंवा कायमचे जायबंदी केले, तर भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. पण तिथेही अपराधाचे नाव ‘आगळीक’ आहे, आणि त्या कल्पनेचे मूळ मालमत्तेच्या नुकसानीत आहे. म्हणजे सरमेच्या पिल्लाला मारले, तर कायद्याच्या मनात आधी येते ते कोणाचे काय गेले. पिल्लाला काय झाले, हे नंतर.

व्हिकच्या खटल्यातही असाच विचित्र प्रकार होता. त्याला शिक्षा झाली ती राज्यांच्या सीमा ओलांडून केलेल्या बेकायदा धंद्याच्या कटासाठी. तरीही त्या खटल्यात एक गोष्ट अपूर्व घडली. झुंजीतली कुत्री धोकादायक समजून मारून टाकण्याचा रिवाज होता, आणि प्राण्यांच्या कैवारी संस्थांमधल्याही काहींचे तेच म्हणणे होते. न्यायालयाने मात्र एकेका कुत्र्याची स्वतंत्र पारख करवली, त्यांच्या हितासाठी कायद्याच्या एका प्राध्यापिकेची नेमणूक केली, आणि त्यांच्या संगोपनासाठी व्हिककडून सुमारे नऊ लाख अठ्ठावीस हजार डॉलर भरून घेतले. बहुतेक कुत्री वाचली. काही आश्रमांत राहिली, काही माणसांच्या घरांत नांदली. तेवीस महिन्यांपेक्षा मला या शिक्षेचे मोल अधिक वाटते. तुरुंगाच्या भिंतींनी एकाही जखमी कुत्र्याची मलमपट्टी झाली नसती.

आणि शिक्षेला शेवट असावा. व्हिक २००९ साली सुटला आणि फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला घेतले, तेव्हा निदर्शने झाली. त्याने झुंजींविरुद्धच्या मोहिमेत मुलांपुढे भाषणे केली. त्यात पश्चात्ताप किती आणि सोय किती, हे त्याचे त्याला ठाऊक. पण ज्याने सांगितलेली मुदत भोगली, पैसे भरले, त्याला पुन्हा आपला व्यवसाय करू द्यायला हवा. मुदत संपल्यावरही चालू राहते ती शिक्षा नसते, तो सूड असतो. प्रेक्षकाला टाळ्या न वाजवण्याचे स्वातंत्र्य आहेच.

तेव्हा वाचकहो, माझ्यापुरते मी असे मानतो, की अशा अपराधाचा कारावास हेतू आणि काळ पाहून ठरवावा, दंड ऐपत पाहून लावावा, घाम सर्वांना सारखा गाळायला लावावा, आणि त्यातले काहीतरी त्या मुक्या जिवापर्यंत पोचावे. पन्नास रुपयांचा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्याला पोराने धोंडा मारला, तर ओट्यावर बसलेल्या आपल्यापैकी कोणीतरी त्याला बोलावून विचारायला हवे, की याने तुझे काय केले होते? आणि त्याचे उत्तर येईपर्यंत त्याला तिथून हलू देऊ नये.