मुलास सत्य सांगावें काय?

घरांतील तरुण मुलास जिवावरचा रोग जडला, म्हणजे वडील मंडळी प्रथम एकच निश्चय करतात : त्याच्या कानावर कांहीं जाऊं द्यावयाचें नाहीं. हा निश्चय प्रेमाचा असतो, यांत संशय नाहीं. परंतु तो न्यायाचाही असतो काय, याचा विचार आज आम्ही करूं इच्छितों.

हाडांच्या कर्करोगाचेंच उदाहरण घेऊं. हा रोग बहुधा दहा ते वीस वर्षांच्या वयांत, हाड जेथें झपाट्यानें वाढत असतें तेथें, विशेषतः गुडघ्याजवळ होतो. १९७० च्या सुमारापर्यंत तो अवयव कापून टाकणें हाच काय तो उपाय असे. तरी पांचांपैकीं सुमारें चार रोगी दगावत, कारण शस्त्रक्रियेपूर्वींच रोगाचें अदृश्य बीज फुप्फुसांत जाऊन पडलेलें असे. पुढें शिरेंतून द्यावयाचीं औषधें निघालीं, आणि आतां रोग हाडापुरताच असतांना सांपडल्यास तिघांपैकीं सुमारें दोघे वांचतात. परंतु कित्येकांत तो कांहीं काळानें पुन्हां उद्भवतो, आणि तोही बहुतकरून फुप्फुसांत. तेव्हां मुख्य उपाय म्हणजे छाती उघडून प्रत्येक गांठ काढणें. सर्व गांठी निघाल्या तर कांहीं तरुण पुढें पुष्कळ वर्षें जगतात. न निघाल्या तर क्वचितच कोणी.

हें कठोर सत्य कोंवळ्या वयाच्या रोग्यास सांगावें काय? कॅनडांतील टेरी फॉक्स ह्या तरुणाचा उजवा पाय १९७७ सालीं ह्याच रोगामुळें गुडघ्याच्या वर कापावा लागला. तो तेव्हां अठरा वर्षांचा होता. त्यास सांगण्यांत आलें कीं, औषधांमुळें जगण्याचा संभव शंभरांत पन्नास आहे. दोन वर्षांपूर्वीं तो पंधराच असता. ह्या आंकड्यानें तो खचला नाहीं. संशोधनानें एवढा फरक पडत असेल तर त्यासाठीं पैसा जमविला पाहिजे, असें त्यानें मनांत घेतलें, आणि १९८० च्या एप्रिलांत कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडण्यास धांवत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर खोकला व छातींतील वेदना यांनीं त्यास थांबविलें. रोग फुप्फुसांत आला होता. ही वार्ता त्यानें रडत रडत स्वतःच लोकांस सांगितली. २८ जून १९८१ रोजीं, बावीस वर्षांचा असतां, तो वारला.

कोणी म्हणेल, सर्वच मुलें अशीं धैर्याचीं नसतात. खरें, तशी अपेक्षा करणेंही अन्यायाचें होईल. परंतु सत्य कळणें आणि आशा मरणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, इतकें यावरून खास दिसतें. शिवाय मूल कांहीं डोळे मिटून बसत नाहीं. आई पदरानें डोळे पुसते, बाप शेताचा सौदा करतो, आणि विचारलें तर सारे हंसून दाखवितात. त्यास सर्व कळतेंच. मात्र ज्याच्यापाशीं तें बोलावें असें माणूस उरत नाहीं. हें एकटेपण आम्हांस फार निर्दय वाटतें.

ह्या प्रसंगीं दोन चुका संभवतात. एक, रोग परतला म्हणजे सर्व संपलें असें घाईनें मानणें. गांठी काढतां येतील कीं नाहीं, हें तज्ज्ञ शस्त्रवैद्यास विचारल्यावांचून हा निर्णय करूं नये; मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत ह्या रोगाचे तज्ज्ञ आहेत. दुसरी चूक अशी कीं, गांठी काढतां येत नाहींत हें ठरल्यावरही केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठीं मुलाच्या देहावर एकामागून एक औषध चालविणें. देह त्याचा आहे, उरलेले दिवसही त्याचेच आहेत. ते रुग्णालयांत घालवावे कीं घरीं, हें त्यास विचारिलें पाहिजे, आणि ज्यापासून सत्य लपविलें त्यास हा प्रश्न विचारतां येत नाहीं.

म्हणून सांगावें; हळू सांगावें, वयास झेपेल तितकें सांगावें, आणि तो विचारील तेव्हां जवळ बसून सांगावें. पण खोटें सांगूं नये.