उराकामीचे होमार्पण आणि सांत्वनाचा अधिकार

ज्याचे स्वतःचे सर्वस्व गेले आहे, त्याने दुसऱ्याचे सांत्वन करताना त्याच्या दुःखाचा अर्थ सांगावा का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. दुःख का येते याची उत्तरे प्रत्येक धर्माकडे आहेत. ते उत्तर कोणी, कोणाला आणि कधी द्यायचे, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी नागासाकीतल्या एका उद्ध्वस्त चर्चपुढे झालेल्या भाषणाने हा प्रश्न फार नेमका उभा केला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. भाषण करणारे ताकाशी नागाई हे वैद्यकीय महाविद्यालयातले क्ष-किरणतज्ज्ञ होते. अणुबॉम्बने त्यांची पत्नी नेली होती, आणि वर्षानुवर्षे क्ष-किरणांजवळ काम केल्यामुळे झालेल्या रक्ताच्या कर्करोगाचे निदान तर बॉम्ब पडण्याआधीच, जून १९४५ मध्ये, झाले होते. डॉक्टरांनी तीनेक वर्षांची मुदत सांगितली होती.

उराकामी हे नागासाकीच्या उत्तरेकडचे खोरे. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तेव्हापासून अडीचशे वर्षे इथल्या शेतकऱ्यांनी पाद्र्यांविना, चोरून, आपला धर्म सांभाळला. १८६५ मध्ये त्यांनी एका फ्रेंच मिशनऱ्यापुढे आपली ओळख उघड केली आणि दोनच वर्षांत पुन्हा धरपकड सुरू झाली. तीन हजारांवर माणसे दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाली, त्यांतली कित्येकशे परत आलीच नाहीत. १८७३ मध्ये जे परतले त्यांनी पोटाला चिमटा काढून भले थोरले विटांचे चर्च बांधायला घेतले. मनोऱ्यांसह ते पुरे व्हायला १९२५ साल उजाडले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी प्लुटोनियमचा बॉम्ब या चर्चपासून सुमारे ५०० मीटरवर, आकाशात फुटला. खोऱ्यातल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,००० हून अधिक लोक मेले.

नागाई जन्माने कॅथलिक नव्हते. विद्यार्थिदशेत ते पक्के जडवादी होते. आईच्या मृत्यूनंतर फ्रेंच विचारवंत पास्कल वाचता वाचता त्यांचे मन हलले. ते उराकामीतल्या मोरियामा कुटुंबाकडे राहायला गेले, १९३४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच घरातल्या मिदोरीशी लग्न केले. बॉम्ब पडला तेव्हा ते रुग्णालयात होते. कानशिलाजवळची धमनी तुटलेली असताना त्यांनी हाताशी उरलेल्या परिचारिका व विद्यार्थ्यांना घेऊन जखमींना डोंगराकडे हलवले. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी मिदोरीची कंबरेची आणि पाठीच्या कण्याची काही हाडे तेवढी राहिली होती, जवळच वितळलेली जपमाळ. हाडे अजून कोमट होती. ती त्यांनी एका जळक्या बादलीत गोळा केली. माकोतो आणि कायानो ही दोन मुले आजीबरोबर डोंगरातल्या गावी असल्यामुळे वाचली. त्यानंतर सुमारे दोन महिने नागाई आणि त्यांचे सहकारी मित्सुयामा भागात रुग्ण पाहत हिंडत होते. औषधे जवळजवळ नव्हतीच.

वाचलेल्यांच्या दुःखात एक विष कालवले गेले होते. नागासाकीचे जुने शहर डोंगराआड असल्यामुळे पुष्कळ वाचले, खोरे मात्र भस्म झाले. शहरातल्या सुवा या शिंतो देवळाच्या देवाने शहर राखले, परका देव पुजणाऱ्या उराकामीला शासन झाले, अशी कुजबुज सुरू झाली. दैवी शिक्षा ही कल्पना खुद्द कॅथलिकांच्याही मनात शिरली. नागाईंच्या ‘नागासाकीच्या घंटा’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. युद्धावरून परतलेला एक माणूस त्यांच्या झोपडीत येतो. त्याची बायको आणि पाचही मुले गेलेली असतात. जो तो हेच सांगतो आहे की ही देवाची शिक्षा, मेले ते पापी आणि वाचले ते पुण्यवान. मग माझी बायकामुले पापी होती का, असे तो विचारतो. नागाई त्याला तोंडी उत्तर देत नाहीत. शोकसभेसाठी लिहून ठेवलेल्या भाषणाचे कागद ते त्याच्या हातात देतात. वाचता वाचता त्याचे डोळे भरून येतात. आपली माणसे नरकात गेलेली नाहीत, एवढे त्याला पुरते. मग आपण मागे उरलो ते कोण, असे तो विचारतो, आणि नागाई म्हणतात की आपण दोघे स्वर्गाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेले. त्यावर दोघेही मोठ्याने हसतात. इतक्या मृत्यूंच्या मधोमध आलेले हे हसू ही त्या पुस्तकातली सर्वांत खरी जागा म्हणावी लागेल.

भाषणाचा युक्तिवाद असा होता. जुन्या करारातले होमार्पण म्हणजे वेदीवर संपूर्ण जाळून देवाला वाहिलेला निष्कलंक पशू. महायुद्धाचे पाप फिटायला असेच अर्पण हवे होते. बॉम्ब मुळात दुसऱ्या शहरासाठी होता. त्या दिवशी कोकुरावर दृष्टी पोचेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले आणि तिथेही ढग असल्याने नेम खोऱ्यावर सरकला. चर्चला आग लागली त्याच रात्री तोक्योमध्ये सम्राटाने युद्ध थांबवण्याचा निर्णय घेतला. शरणागती जाहीर झाली तो १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण होता. हे सारे योगायोग कसे म्हणायचे? नागाईंच्या मते शतकानुशतके छळ सोसलेले उराकामी हेच ते निष्कलंक कोकरू होते आणि ते स्वीकारले गेले म्हणून युद्ध संपले. या सन्मानासाठी देवाचे आभार मानावेत, अशी विनंतीही त्यांनी केली.

ऐकणाऱ्यांत पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी हद्दपारी सोसलेले होते. त्यामुळे हा विचार त्यांना परका वाटला नाही. हुतात्म्यांच्या मोठ्या ओळीत त्यांचे मृत जाऊन बसले आणि शिक्षेची कल्पना उलटी झाली: पापी म्हणून नाही, निवडलेले म्हणून ते गेले. सांत्वन म्हणून हे भाषण परिणामकारक ठरले, यात शंका नाही. नागाई दुरून बोलत नव्हते. मिदोरीची हाडे गोळा केलेल्या हातांनी त्यांनी ते कागद लिहिले होते, आणि मरण त्यांच्याही दारात उभे होते. त्यांच्या तोंडून आलेला ‘अर्पण’ हा शब्द एखाद्या बिशपने राजधानीतून उच्चारला असता, तर त्याला तेवढे वजन आले नसते.

अडचणही याच वजनातून सुरू होते. नागाईंनी मिदोरीला अर्पण मानले, तेव्हा ती त्यांच्या श्रद्धेची साक्ष होती. त्यांनी आठ हजारांना अर्पण म्हटले, तेव्हा तो सिद्धान्त झाला, आणि त्याची परवानगी मृतांकडून मिळणे शक्य नव्हते. त्या खोऱ्यात कॅथलिकांशिवाय बौद्ध होते, सक्तीने आणलेले कोरियन मजूर होते, शत्रुराष्ट्रांचे युद्धकैदी होते. त्यांच्या मरणाला या हिशेबात जागाच नव्हती. त्याआधी बेचिराख झालेली शहरे देवाला पुरेशी शुद्ध वाटली नाहीत, असेही त्यातून निघते. हिरोशिमाच्या एखाद्या आईला हे कसे ऐकवायचे?

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल हे जवळजवळ त्याच वेळी अशाच जागी उभे होते. वडील नाझींच्या तेरेझिन छावणीत वारले, आई ऑशविट्झमध्ये, पत्नी तिली बर्गेन-बेल्सेनमध्ये. ऑगस्ट १९४५ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि पुढच्याच वर्षापासून एका रुग्णालयात मेंदूविकार विभागाचे प्रमुख म्हणून काम करू लागले. त्यांच्याकडे आलेल्या एका वृद्ध रब्बीची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. त्याची पहिली पत्नी आणि सहा मुले ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. दुसऱ्या पत्नीला मूल होणार नव्हते, म्हणून मागे प्रार्थना म्हणायला मुलगा उरणार नाही, हे त्याचे दुःख. फ्रँकल यांनी विचारले, मुले तुम्हाला स्वर्गात भेटणार नाहीत का? रब्बी रडू लागला. मुले निष्पाप हुतात्मे म्हणून गेली, त्यांची जागा वरची. आपल्यासारख्या पाप्याला ती कुठून मिळणार? हीच ती नागासाकीतली नापासाची गोष्ट, फक्त हसू वजा केलेली. फ्रँकल यांनी मुलांच्या मरणाला अर्थ दिला नाही. या सगळ्या वर्षांच्या अश्रूंनी तुम्ही शुद्ध होऊन त्यांच्या जवळ जायला पात्र व्हावे, हाच कदाचित तुमच्या मागे उरण्याचा अर्थ नसेल का, एवढेच त्यांनी विचारले. अर्थ शोधायचा तो वाचलेल्याच्या जगण्याचा, मेलेल्याच्या मरणाचा नव्हे, ही फ्रँकल यांनी आखलेली रेषा. शिवाय वाक्य प्रश्नार्थक होते, म्हणजे ते नाकारायला वाव होता. सभेत वाचलेल्या भाषणाला असा वाव नसतो.

पाली परंपरेत याहून मितभाषी सांत्वन आढळते. श्रावस्तीच्या पटाचारेचा नवरा साप चावून मेला, एक मूल ससाण्याने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले, आणि माहेरचे घर कोसळून आईवडील व भाऊ गाडले गेले. वेडाच्या भरात भटकणारी ही बाई बुद्धाकडे आली आणि पुढे भिक्खुणी झाली. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांच्या संग्रहात, तिच्याजवळ मुले गमावलेल्या स्त्रिया येतात. ती त्यांना मृत्यूचे कारण सांगत नाही, त्यामागची योजनाही सांगत नाही. जीव कोणत्या वाटेने आला आणि कोणत्या वाटेने गेला हे कुणालाच ठाऊक नसते, एवढ्याच भानावर ती त्यांना आणून सोडते. हे सांत्वन फार थोडे देते. पण त्यात कुणाच्या मृताला कसल्याही कामाला लावलेले नाही, हा त्याचा मोठा गुण.

महाभारताचे स्त्रीपर्व नागाईंच्या बरेच जवळ जाते. तिथे धृतराष्ट्राची समजूत घालणारे व्यास हे मेलेल्या कौरवांचे आजोबाच आहेत, म्हणजे तेही शोकाकुल. पृथ्वीचा भार उतरवण्याचे देवांच्या सभेत आधीच ठरले होते आणि ते आपण ऐकले होते, असे व्यास सांगतात. धृतराष्ट्र कसाबसा सावरतो. गांधारी मात्र रणांगण पाहून कृष्णालाच शाप देते. योजना होती असे एकदा मान्य केले की योजना करणाऱ्याला जाब विचारता येतो, हे महाभारतकारांनी दडवले नाही.

नागाईंच्या काळात असा जाब उघडपणे कुणी विचारला नाही. उलट ते देशभर संत ठरले. त्यांचे अंथरूण जेमतेम दोन चटयांच्या एका खोपटात होते. प्लीहा इतकी वाढली होती की धक्का लागून ती फुटू नये म्हणून लहानग्या कायानोला वडिलांच्या अंगाशी येऊ देत नसत. ते झोपले आहेत असे समजून ती एकदा गालाला गाल लावून गेली आणि बाबांचा वास येतो असे पुटपुटली, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. तशाच स्थितीत त्यांनी पडल्या पडल्या एकामागून एक पुस्तके लिहिली. १९४८ मध्ये हेलन केलर त्यांना भेटून गेल्या, पुढच्या वर्षी सम्राट आले. ‘नागासाकीच्या घंटा’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, पण युद्धोत्तर जपानवर अंमल असलेल्या अमेरिकी प्रशासनाने ते छापायला परवानगी दिली ती एका अटीवर: मनिलामधल्या जपानी अत्याचारांचा वृत्तान्त त्याच पुस्तकाला जोडायचा. १ मे १९५१ रोजी नागाई वारले, वयाच्या ४३ व्या वर्षी.

टीका आली ती वीसएक वर्षांनी. कवी कान यामादा यांनी १९७२ मध्ये नागाईंना न बोलावता आलेला प्रवक्ता ठरवले. पुढे तत्त्वज्ञ शिनजी ताकाहाशी यांनी या विचाराची चिकित्सा करून दाखवले की होमार्पणाच्या कल्पनेने दोघांची जबाबदारी एकदम पुसली जाते: युद्ध लांबवणाऱ्या जपानी राजसत्तेची आणि बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकेची. देवाने मागितलेच असेल तर दोषी कोण? आघातातून वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी वर्षानुवर्षे मौन पाळले, त्यालाही हे एक कारण झाले, असे या टीकाकारांचे म्हणणे. खोऱ्यातल्याच एका रुग्णालयात राबलेले डॉक्टर तात्सुइचिरो आकिझुकी यांनी निराळी वाट धरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी लिहून घ्यायच्या कामाला हात घातला. ज्याने त्याने आपापले सांगायचे, अर्थ लावण्याची घाई करायची नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात युद्ध ही माणसाची करणी आहे असे म्हटले. त्यानंतर उराकामीतल्या अनेक कॅथलिकांना बोलायची मोकळीक वाटली, कारण त्यांच्याच धर्माच्या सर्वोच्च व्यक्तीने ती करणी देवाच्या खात्यातून काढून माणसाच्या खात्यावर टाकली होती.

नागाईंचे समर्थक यावर म्हणतात की ते शोकसभेतले शब्द होते, मरणाऱ्याने शोकाकुलांना उद्देशून म्हटलेले. त्यांना धर्मशास्त्र म्हणून तपासणे अन्यायाचे आहे. त्या झोपडीतल्या परतलेल्या सैनिकापुरता हा बचाव पूर्णपणे टिकतो, कारण त्याच्यावर शिक्षेचा आरोप होता आणि तो पुसायला तितकाच मोठा शब्द हवा होता. पुस्तकाच्या बाबतीत तो टिकत नाही. भाषण छापून देशापुढे ठेवण्याचा निर्णय नागाईंचा स्वतःचा होता, आणि ज्यांनी ते वाचले त्यांतल्या बहुतेकांवर देवाच्या शिक्षेचा आरोप कुणी केलेला नव्हता.