नोंदवहीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या एखाद्या टोल्यावर किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या गुड्यावर मुलाला फिट आली, की पुढचे सगळे ठरलेले असते. कोणी नाकाला चप्पल लावते, कोणी कांदा फोडून हुंगवते, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबते. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. मग पुजाऱ्याकडे जाणे होते. कधीतरी प्राथमिक आरोग्य केंद्राची गोळी सुरू होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला, की गोळीतही खंड पडतो. अशा मुलुखात मिरगीवरच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय काढणे अनेकांना चैन वाटेल. मला ते तसे वाटत नाही. या उपचाराचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास नीट पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: त्यातला पहिला आणि सर्वांत अवघड निर्णय शस्त्रक्रियागृहात होतच नाही. फिट जिथे येते तिथे, ती डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसापाशी तो सुरू होतो. आणि असा माणूस गावातच कसा घडवायचा, हे गडचिरोलीने फार पूर्वी करून दाखवले आहे.

हा आजार मेंदूचा आहे हे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी ठासून सांगितले होते. चरकसंहितेत अपस्मारासाठी स्वतंत्र अध्याय आहेत आणि त्यांत लक्षणांची मांडणी दोषांनुसार केलेली आहे. पण मेंदूचा म्हणजे मेंदूत नेमका कुठला, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणी नेटाने धरला नव्हता. तो लंडनच्या जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी धरला. काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, दंड, चेहरा असा ठरलेल्या वाटेने चढत जातो, हे त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. या क्रमावरून त्यांनी अनुमान काढले, की मेंदूच्या पृष्ठभागावर त्या त्या अवयवाची जागा असली पाहिजे आणि झटक्याचा उगम अंगठ्याच्या जागेपाशी असला पाहिजे. १८७० साली त्यांनी हे मांडले. १८८६ साली व्हिक्टर हॉर्सली यांनी लंडनमध्येच याच तर्काचा आधार घेऊन कवटी उघडली आणि मेंदूवरचा जुन्या जखमेचा व्रण काढला. तेव्हा ईईजी नव्हता, क्ष-किरणही नव्हते. सुरी कुठे टेकवायची हे मुख्यतः फिटच्या बारकाईने केलेल्या वर्णनावरून ठरले होते. या शास्त्राचा पायाच मुळी निरीक्षणाचा आहे, आणि यंत्रांचे कौतुक करताना तोच नेमका नजरेआड होतो.

यंत्रे आली ती या निरीक्षणाची खातरजमा करायला. १९२९ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजेच ईईजी, प्रसिद्ध केला. माँट्रियालमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि हर्बर्ट जॅस्पर यांनी तो आलेख शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेला. पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला १९५२ साली भारतातील पहिली अपस्मार शस्त्रक्रिया केली. मुलांच्या बाबतीत मोठे वळण १९५० साली आले. जोहान्सबर्गचे रोलंड क्रिनॉव्ह यांनी, तान्हेपणीच अर्धांग झालेल्या आणि सतत फिट येणाऱ्या बारा रुग्णांच्या मेंदूचा निकामी झालेला अर्धा भाग काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. फिट थांबल्या, वागणूक सुधारली. बालवयात मेंदू आपली कामे दुसऱ्या बाजूकडे सोपवू शकतो, ही गोष्ट डोळ्यांसमोर आली. पुढे त्या रिकाम्या पोकळीत रक्त झिरपून काही वर्षांनंतर गुंतागुंत होते असे दिसले आणि शस्त्रक्रिया मागे पडली. सत्तरच्या दशकात थिओडोर रासमुसेन यांनी अर्ध्या मेंदूचा काही भागच काढून उरलेला जागेवर ठेवण्याची आणि त्याचे संबंध तोडण्याची रीत काढली, तेव्हा ती पुन्हा वापरात आली. एमआरआयने बारीक व्रणही दिसू लागले, आणि १९९५पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया नियमितपणे होऊ लागली.

तरीही ती ‘सगळे करून थकल्यावरचा’ उपाय म्हणूनच ओळखली जात होती. ही समजूत आकड्यांनी मोडली. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी यांनी २००० साली दाखवले, की नव्याने उपचार सुरू केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबतात, दुसऱ्या औषधाने आणखी थोड्यांच्या थांबतात आणि त्यानंतर हाती फारसे काही लागत नाही. म्हणजे दोन औषधे योग्य मात्रेत, नियमित घेऊनही फिट चालू असतील तर तिसऱ्या-चौथ्या गोळीची वाट पाहण्यात मुलाची वर्षे वाया जातात. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० साली औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराची व्याख्या याच निकषावर केली. मग २०१७ साली दिल्लीच्या एम्समधील चाचणी प्रसिद्ध झाली. अठरा किंवा त्याहून कमी वयाची, औषधांना दाद न देणारी ११६ मुले निवडली. ५७ जणांची शस्त्रक्रिया महिनाभरात झाली, ५९ जण औषधे घेत वर्षभर रांगेत थांबले. वर्षाअखेर पहिल्या गटातील ७७ टक्के मुले फिटमुक्त होती, दुसऱ्या गटातील ७ टक्के. शस्त्रक्रियेसाठी इतके थांबावे लागणे हे त्या रुग्णालयाचे नेहमीचेच वास्तव होते, त्यामुळे तुलनेसाठी कोणाला मुद्दाम वंचित ठेवावे लागले नाही. आपल्याकडची रांगच या चाचणीचा दुसरा गट होती. वाट पाहण्याची किंमत काय, याचे इतके स्वच्छ मोजमाप क्वचितच झाले असेल.

आता गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांकडे येऊ. २०११च्या जनगणनेनुसार दोन्हींची लोकसंख्या मिळून सुमारे ३२ लाख ७७ हजार. भारतातील पाहण्यांतून अपस्माराचे प्रमाण साधारणपणे हजारी पाच निघते. ते धरले तर इथे सोळा हजारांच्या आसपास रुग्ण असावेत, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाला औषधे पुरी पडत नसावीत. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. इथली कारणे पाहिली तर तो कमी पडण्याचीच शक्यता जास्त. जन्मताना बाळ गुदमरणे हे एक कारण. गडचिरोलीतला फाल्सिपॅरम मलेरिया हे दुसरे. मलावीतील ब्लँटायर येथे मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या १३२ मुलांपैकी १२ जणांना पुढे अपस्मार जडला, तर तुलनेच्या २६४ मुलांत एकालाही नाही. तिसरे कारण सिकलसेल. त्यात मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटून व्रण राहू शकतो.

यातल्या पहिल्या कारणावर गडचिरोलीने जगाला उत्तर दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. दाईच्या जोडीला आरोग्यदूत असल्याने गुदमरण्यामुळे होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाले, हे पुढे प्रसिद्ध झाले. जेमतेम शाळा शिकलेली गावातली बाई बाळाचा श्वास मोजत होती, बॅग आणि मास्क वापरून श्वास सुरू करत होती, ठरलेली लक्षणे जुळली तर जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देत होती. हे डॉक्टरांचे काम आहे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याला उत्तर मिळाले ते नोंदींतून. २०११पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरोघरीची नवजात काळजी आली.

अपस्माराच्या साखळीत हीच कडी गहाळ आहे. नागपूर किंवा मुंबईच्या तज्ज्ञासमोर मूल येते तेव्हा फिट चालू नसते. त्याला उत्तरे हवी असतात ती अशी: सुरुवात कुठून झाली, मान कोणत्या बाजूला वळली, आधी कोणता हात ताठला, शुद्ध लगेच हरपली की नंतर, शुद्धीवर आल्यावर बोलता येत होते का, एक हात काही काळ लुळा पडला होता का. हे गावात कोणीतरी पाहिलेले असते, पण लिहिलेले नसते. आज आशाच्या हातात मोबाईल आहे. दोन मिनिटांचा व्हिडिओ जॅक्सन यांच्या टिपणांइतकाच मोलाचा ठरू शकतो. याहून महत्त्वाची नोंद औषधाची आहे: मुलाचे वजन किती, गोळी किती, मधले किती दिवस चुकले. ही नोंद नसेल तर औषध हरले की मिळालेच नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या व्याख्येवर उभा आहे तिचा पुरावा गावाबाहेर तयारच होऊ शकत नाही.

यावर पहिला आक्षेप अग्रक्रमाचा. जिथे साधी गोळी बारमाही मिळत नाही तिथे आधी ती द्या, शस्त्रक्रियेचे नंतर पाहू. गोळी आधी हे बरोबरच आहे. कर्नाटकातल्या यळंदूर येथील अभ्यासाने दाखवले आहे, की फिनोबार्बिटोनसारखी जुनी, स्वस्त औषधेही खेड्यात नीट दिली तर बहुतेकांना उपयोगी पडतात. पण गोळी नियमित पोहोचवणारी आणि ती हरल्याचे ओळखणारी व्यवस्था एकच आहे. पहिले काम नीट केले की दुसरे जवळपास आपोआप होते. ‘नंतर पाहू’ म्हटल्याने गोळीचा एक पैसाही वाचत नाही, मुलाचे शिकण्याचे वय मात्र निघून जाते.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो हलका नाही. एम्सच्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले. त्यांतल्या १५ जणांच्या अंगाची एक बाजू दुबळी पडली. मेंदूचा जो भाग काढला वा तोडला त्यावरून हे अपेक्षितच होते, पण अपेक्षित म्हणजे क्षुल्लक नव्हे. शेतीवर आणि जंगलावर जगणाऱ्या घरात हाताची ताकद म्हणजे भाकर. शिवाय गुदमरून दोन्ही बाजूंना इजा झालेला प्रत्येक मेंदू शस्त्रक्रियेजोगा नसतो. म्हणून सगळ्यांची शस्त्रक्रिया करा असे कोणीच म्हणत नाही. निवड व्हावी, आणि आईबापांना नफा-तोटा त्यांच्या भाषेत, गरज पडल्यास माडिया किंवा गोंडीत समजावून मग त्यांनी ठरवावे. आज मात्र रस्ता, अंतर आणि अज्ञान हेच परस्पर ठरवून टाकतात.

तिसरा आक्षेप शिक्क्याचा. तापातला झटका, साधी भोवळ, रडताना श्वास कोंडणे, या सगळ्यांवर मिरगीचे नाव चिकटले तर? विशेषतः मुलीच्या बाबतीत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांना विवाहातला अडसर मानले होते. ते शब्द १९९९ साली वगळले गेले, पण घरांतली लपवाछपवी काही तेवढ्याने गेली नाही. म्हणूनच कार्यकर्तीने आजाराला नाव देऊ नये. तिने पाहावे, लिहावे, पुढे पाठवावे. अनोळखी भीतीपेक्षा नीट लिहिलेली नोंद मुलीवर कमी अन्याय करते.

यासाठी नवी योजनाही लागत नाही. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत झटके येण्याचा आजार आहे आणि त्याची पथके अंगणवाड्या व शाळांत जातात. त्या नोंदीत तीन तारखा वाढवाव्यात: पहिले औषध कधी सुरू झाले, दुसरे कधी, आणि त्यानंतरची फिट कधी आली. तिसरी तारीख भरली गेली की मुलाचे नाव ईईजी आणि एमआरआयसाठी नागपूरकडे जावे. दिल्लीच्या त्या चाचणीतली मुले वर्षभर थांबली, पण आपण रांगेत आहोत एवढे तरी त्यांच्या आईबापांना ठाऊक होते. जिवतीच्या मुलाचे नाव अजून रांगेत लागायचे आहे, आणि ते लावायला सर्जन लागत नाही.