गळ्यातली माळ आणि हातातली तागडी



आजचा विषय बाजारातला आहे. नामस्मरण, एकादशी, संतसंग यांवर आपल्याकडे पुष्कळ निरूपण होते, आणि ते व्हावेच. परंतु आपल्यातले कितीतरी जण काकडा आटोपून दुकानाच्या फळ्या काढतात, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेते, कुणी आठवडी बाजारात मिरची-लसणाचा ढीग मांडते. दिवसातले आठ-दहा तास ज्या कामात जातात, त्या कामात परमार्थ कसा राखावा, हे मात्र कीर्तनात क्वचितच निघते. मग काय होते? देवळात एक माणूस बसतो आणि गल्ल्यावर दुसराच बसतो. दोघांच्या गळ्यात माळ एकच.

प्रथम एक शंका दूर करू. माल विकणे, त्यासाठी ओरडणे, गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणे यात काही पाप आहे का? मुळीच नाही. आपल्या संतांकडे पाहा. गोरोबाकाका तेरचे कुंभार. नरहरी महाराज पंढरपुरातले सोनार. सावता महाराजांचा अरणला मळा. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. तुकोबा देहूच्या वाणी-महाजनाच्या घराण्यातले. मडके भाजायचे ते कुणीतरी घेऊन जावे म्हणूनच ना? वारकरी पंथाने संसार टाकून रानात जा असे सांगितले नाही. हातचे काम करा आणि मुखी नाम ठेवा, एवढेच सांगितले. तेव्हा चांगला माल करून कोपऱ्यात गप्प बसणे, तो सडू देणे, आणि वर 'आपल्याला बाई विकता येत नाही' म्हणून नशिबाला बोल लावणे, यात भक्ती काही नाही. विकण्याची कला आहे आणि ती शिकावी. प्रश्न एवढाच, की आपण गिऱ्हाइकाला समजावतो की भुलवतो?

समजावणे म्हणजे मालाची खरी हकीकत त्याच्यापुढे ठेवणे आणि निवड त्याच्यावर सोपवणे. भुलवणे म्हणजे त्याची निवडच काढून घेणे. बाजारातल्या युक्त्या या एका कसोटीला लावून पाहा. चार-दोन नमुने घेऊ.

पहिली युक्ती घाईची. 'माउली, हा शेवटचाच नग आहे, मागे येणारे नेतील.' आणि शेवटचा नग उचलला की गोणीतून दुसरा शेवटचा नग बाहेर येतो! दुसरी युक्ती भावाची. शंभराची वस्तू 300 सांगायची, मग मोठ्या मनाने 150 ला द्यायची. गिऱ्हाईक निम्म्याने मिळाले म्हणून हसत जाते, पण पन्नास रुपये जास्तच देऊन जाते. तिसरी युक्ती भिडेची. 'सकाळची वेळ आहे, भवानी तुमच्या हातची होऊ द्या.' नको असलेली वस्तू बिचारा संकोचाने घेतो. चौथी युक्ती फुकटाची. हातात आधी प्रसादाची पुडी ठेवायची, आणि घेतली की माळेचे पैसे मागायचे.

या युक्त्या आता हातातल्या मोबाईलवरही येऊन बसल्या आहेत. 'फक्त दोनच उरले', 'दहा मिनिटांत सवलत संपेल', असे तिथे लाल अक्षरांत चमकत असते. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध नियमावली काढली आणि तिच्यात तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई हा त्यातलाच एक. यात्रेतल्या पथारीसाठी ती नियमावली काढलेली नाही, हे खरे. पण जे कृत्य मोठ्या कंपनीने केले तर दोष ठरते, ते आपल्या पथारीवर पुण्य कसे ठरेल?

मापाचे तर बोलायलाच नको. शेर-पायली जाऊन ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आले, लोखंडी वजने जाऊन विजेचा काटा आला, पण दांडी मारणारा हात तोच राहिला. हिशेब करून पाहा. किलोमागे 50 ग्रॅम कमी तोलले, तर वीस गिऱ्हाइकांमागे एक किलो माल आपल्याकडे उरतो. तो किलो कुणाचा? वीस घरांच्या ताटातला एकेक घास तो. त्यात एखादी म्हातारी असेल, जिने वाटखर्चाला वर्षभर पैसा-पैसा साठवला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या सगळ्या युक्त्यांहून जबर अशी एक युक्ती आहे, आणि ती आपल्याच गळ्यात आहे. ती म्हणजे तुळशीची माळ. पंढरीला येणारा यात्रेकरू दहा दुकाने पाहतो आणि जिथे कपाळी गोपीचंदन, बुक्का आणि गळ्यात माळ दिसते, तिथे थांबतो. 'माळकरी आहे, फसवायचा नाही,' असे म्हणतो. भाव फारसा करत नाही, काट्याकडे पाहतही नाही. हा विश्वास त्या दुकानदाराने कमावलेला आहे का? नाही. तो ज्ञानोबा-तुकोबांनी, चोखोबा-जनाबाईंनी आणि गावोगावच्या अनाम माळकऱ्यांनी सात-साडेसातशे वर्षे खरे वागून जमवला आहे. आपण तो आयता गळ्यात घातला. त्याच्या जोरावर कुणी दुसऱ्याच लाकडाचे मणी 'अस्सल तुळस' म्हणून विकले, तर बिनमाळेच्या ठकाने केले असते त्याहून ते वाईट. त्या ठकाने पैसे नेले असते. याने पैसे नेले आणि पुढच्या माळकऱ्यावरचा विश्वासही नेला. ती माय गावी जाऊन सांगणार, 'माळवाल्यानेच बुडवले गं.' संतांची ठेव आपण अशी गल्ल्यात मोडून खावी का?

आता चांगले कसे विकावे ते पाहू. नरहरी महाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा बोलला होता. नरहरी सोनार कडवे शिवभक्त. विठोबाचे तोंड पाहायचे नाही हा त्यांचा निर्धार. सावकाराने माप आणून दिले, त्यावर करगोटा घडवला. देवाच्या कमरेला घातला तो सैल झाला. कमी करून दिला तो आखूड झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते राउळात गेले, हातांनी चाचपले तो शंकर भासला. पट्टी सोडली तो विठ्ठल उभा. हरि-हर एकच, हा बोध तिथे झाला, आणि करगोटाही बसला.

कीर्तनात आपण यातून अद्वैत सांगतो. आज दुकानदाराच्या नजरेने पाहा. सोने चोख, कारागीर पंचक्रोशीत नावाजलेला, मग दागिना का बसेना? ज्याच्यासाठी घडवायचा त्याच्याकडे पाहिलेच नव्हते! आपलेही असेच होते. गिऱ्हाईक दारात आले की आपण मालाकडे पाहतो, गल्ल्याकडे पाहतो, त्याच्याकडे पाहत नाही. डोळ्यांवरची पट्टी काढावी. काय हवे, कशासाठी हवे, किती दिवस टिकायला हवे, जवळ किती पैसे आहेत, हे त्याला बोलू द्यावे. जो आधी ऐकतो त्याला फार बोलावे लागत नाही. विक्रीतली पहिली विद्या ही.

दुसरी गोष्ट, मालाचा दोष आपण आधी सांगावा. 'हे टमाटे आज रस्स्याला चांगले, उद्यापर्यंत टिकायचे नाहीत.' दोष सांगणाऱ्याने गुण सांगितला तर तो गिऱ्हाइकाला खरा वाटतो. तिसरी, भाव एकच ठेवावा आणि तो दिसेल असा लिहावा. शहरातल्या बाईला एक, घोंगडीवाल्या म्हाताऱ्याला एक, असे करू नये. बंद पुडक्यावर कमाल किंमत छापलेली असते. उन्हाचा फायदा घेऊन पाण्याच्या बाटलीला तिच्यावर दोन रुपये घेणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. चौथी, माप गिऱ्हाइकासमोर घ्यावे. काट्यावर शून्य आहे ते आधी दाखवावे, आणि काट्याची सरकारी तपासणी व शिक्का मुदतीत करून घ्यावा. पाचवी, नमुना द्यावा. पेढ्याचा तुकडा जिभेवर ठेवा, टाळ वाजवून दाखवा. पण नमुना आणि पुडीतला माल एकाच परातीतला असावा, आणि चाखून नको म्हटले तर तोंड वाकडे करू नये. सहावी सगळ्यात अवघड. आपल्याकडे योग्य वस्तू नसेल तर 'शेजारी मिळेल' असे सांगावे. त्या दिवशी एक विक्री जाते, पण ते गिऱ्हाईक तुम्हाला विसरत नाही.

आणि आरोळी अवश्य द्यावी! खणखणीत द्यावी. गोड बोलावे, हसून बोलावे, माल नीटनेटका मांडावा, पाणी शिंपडून भाजी ताजी ठेवावी. मात्र वर ताजी आणि खाली शिळी असा ढीग लावू नये. मांडणी ही मालाची शोभा असावी, मालाचा बुरखा असू नये.

इथे कुणी म्हणेल, 'महाराज, हे ऐकायला गोड आहे. शेजारचा दांडी मारतो म्हणून त्याला स्वस्त परवडते. मी सरळ राहिलो तर माझ्या पोरांनी काय खावे?'

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊन चालणार नाही. खरेपणाने उद्याच गल्ला भरेल असे मी सांगत नाही. तुकोबांपेक्षा सचोटीचा वाणी कोण? तरी 1630 च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, घरची माणसे गेली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. महीपतींनी त्यांच्या चरित्रात एक कथा सांगितली आहे. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात गेले होते. आलेले पैसे घेऊन परतताना एका ठकाने मुलामा दिलेली पितळेची कडी सोन्याची म्हणून त्यांच्या गळ्यात बांधली. त्या दिवशीचा हिशेब मांडला तर ठक जिंकला, तुकोबा हरले. पण त्या ठकाचे नाव आज कुणाला ठाऊक आहे का? आणि तुकोबांचे नाव घेतल्यावाचून आपला एक तरी दिवस जातो का? खरेपणाचा हिशेब असा लांब मुदतीचा आहे. ज्याला केवळ आजचाच गल्ला मोजायचा, त्याला तो कळत नाही.

तरीही व्यवहाराचे एक सांगतो. यात्रेतल्या विक्रेत्याला वाटते, हा वाटसरू आहे, पुन्हा कशाला भेटतोय! इथेच त्याची चूक होते. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी अशी ठरल्या वाटेने पंढरीला जाते. वाट तीच, मुक्काम तेच, दिंड्यांचा क्रमसुद्धा ठरलेला. जगात दुसरे कुठले गिऱ्हाईक असे तिथी ठरवून, त्याच रस्त्याने, दरवर्षी, पुढे मुलाला आणि नातवाला घेऊन येते? आणि दिंडी म्हणजे चालते-बोलते गाव. लोणंदला फसवलेल्याची गोष्ट फलटणला पोचेपर्यंत शंभर जणांना कळते. तसेच, जेजुरीला कुणी विसरलेली पिशवी धावत आणून दिली, तीही गोष्ट वाखरीपर्यंत चालत जाते. सरळ विक्रेत्याची जाहिरात वारी स्वतः करते, तिला छपाई लागत नाही.

जाता जाता घेणाऱ्यांनाही दोन शब्द. तागडीला दोन पारडी असतात. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, पाटीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. तिने कंटाळून दिले की 'स्वस्त मिळाले' म्हणून दिंडीत सांगतो. तो स्वस्तपणा तिच्या चुलीतून आलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. रास्त भाव विचारण्याचा, काटा पाहण्याचा, पावती मागण्याचा हक्क आपला आहेच. 1986 च्या आणि पुढे 2019 च्या ग्राहक कायद्याने तो पक्का केला आहे, आणि फसवणूक झाली तर दाद जरूर मागावी. परंतु गरिबाची अडचण पाहून भाव पाडणे, हीसुद्धा दांडी मारणेच होय.

सज्जनहो, देव अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. कर कटावर ठेवून तो सर्वांकडे पाहतो. देवळाच्या भिंती आड येत नाहीत. पेठेतल्या काट्यावरचा आकडाही त्याला दिसतो. दारात आलेले गिऱ्हाईक अनोळखी असेल, अडाणी असेल, हिशेब न कळणारे असेल. त्याला 'माउली' म्हणून हाक मारण्याची रीत आपल्या पंथात आहे. मग ज्याला माउली म्हटले त्याच्या पदरात कमी माप कसे टाकणार? एवढा एक शब्द जरी तोंडातून निघेल तसा हातातून निघाला, तरी दुकानातच पंढरी झाली असे समजावे.

उद्या सकाळी दुकान उघडताना एवढेच करावे. माळेला हात लावावा, काट्यावर शून्य आहे का ते पाहावे, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला वस्तूचा खरा भाव सांगावा. भवानी खऱ्याने झाली म्हणजे पुढचा दिवस सांभाळायला पांडुरंग समर्थ आहे.

रामकृष्णहरि.