गंभीर म्हणजे किती?

निकालाच्या दिवशी पालक विचारतात, ‘सर, किती टक्के?’ इस्पितळाच्या व्हरांड्यात ताटकळलेले नातेवाईकही डॉक्टरांना हेच विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझी नोकरी गेली. दुसऱ्याचे उत्तर द्यावे का, आणि दिले तर त्या आकड्याचे पुढे काय करावे, हे मला अधिक अवघड वाटते. ते मांडण्यासाठी मी धनुर्वाताचा आधार घेतो आहे. आजार जुना आहे, आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्याला श्रेणी लावण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत.

माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. निर्मूलन याचा अर्थ एकही रुग्ण नाही असा नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी, असा आहे. जंतू मातीत राहतो, त्यामुळे तो कायमचा संपणारा नाही. लस न घेतलेला शेतकरी आजही या आजाराने इस्पितळात येतो.

तो आला की किती गंभीर आहे हे ठरवायचे कसे? १९५९ साली मुंबईच्या पटेल आणि जोग या डॉक्टरांनी त्यासाठी एक साधी मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात. दातखीळ बसली आहे का? आचके येतात का? जखमेपासून पहिल्या लक्षणापर्यंत सात दिवस किंवा त्याहून कमी गेले का? पहिल्या लक्षणापासून पहिल्या आचक्यापर्यंत अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून कमी गेले का? दाखल होताना किंवा पुढच्या चोवीस तासांत ताप आहे का? यांतल्या जितक्या गोष्टी आढळतील तितकी श्रेणी. एक असेल तर आजार सौम्य. पाचही असतील तर अतिशय गंभीर. यंत्र नको, रक्ततपासणी नको. घड्याळ, तापमापक आणि चार प्रश्न विचारण्याइतका वेळ असला की झाले.

त्या प्रश्नांपाशी मी थोडा थांबतो. पाचांपैकी दोन गोष्टी रुग्णाच्या अंगावर दिसतच नाहीत. त्या कोणीतरी सांगाव्या लागतात आणि कोणीतरी नीट ऐकाव्या लागतात. आपल्या सीमाभागात हे सोपे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना धनुर्वात झाला, तेव्हा दुभाषा म्हणून मला बोलावणे आले. डॉक्टर तरुण, म्हैसूरकडचे. मराठी त्यांना येत नव्हते. मुलाला कानडी बाजारापुरते येत होते. जखम केव्हा झाली, असे डॉक्टरांनी विचारले. मुलगा म्हणाला, ‘परवा-तेरवा.’ आता आपल्याकडे ‘परवा’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी, आणि पंधरा दिवसांपूर्वीही. कानडीतल्या ‘मोन्ने’चीही तीच गत. मी त्या मुलाला म्हटले, ‘बाळ, सणवाराने सांग.’ मग निघाले ते असे: बेंदराच्या आदल्या दिवशी ओढ्यावर बैल धुताना वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. भाकरी चावता येईना ते त्यानंतर नवव्या दिवशी. पहिला आचका आला त्याच्याही पुढे तिसऱ्या दिवशी. ताप नव्हता. म्हणजे पाचांपैकी दोनच गोष्टी जमेस आल्या. ‘परवा’ तसाच कागदावर उतरला असता तर श्रेणी वाढली असती. डॉक्टर म्हणाले, ‘ग्रेड टू.’ मुलगा मला म्हणाला, ‘म्हणजे सेकंड क्लासच की, सर!’ त्या अवस्थेतही आम्ही दोघे हसलो.

ते गृहस्थ महिन्याभराने घरी आले. यावरून श्रेणी बरोबर होती असे सिद्ध होत नाही, आणि ते दगावले असते तरी ती चुकली असे ठरले नसते. श्रेणी सांगते ती अशा शंभरांची गोष्ट. समोरच्या खाटेवरचा माणूस त्या शंभरांपैकी कितवा, हे ती सांगू शकत नाही. नातेवाईकांना मात्र नेमके तेवढेच हवे असते. डॉक्टरांनी टक्केवारी सांगताना हा फरकही सांगावा, असे मला वाटते. त्याला पाच मिनिटे जास्त लागतील.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. गंभीरपणा रुग्णात असतो असे आपण धरून चालतो. पण जुन्या काळी धनुर्वाताचा रुग्ण बहुधा आचक्यात श्वास अडकून जाई. श्वास चालवणारी यंत्रे आली, स्नायू सैल ठेवून रुग्णाला आठवडे-आठवडे जगवता येऊ लागले, आणि मग निराळेच संकट दिसले: रक्तदाब आणि नाडी एकाएकी उसळायची, एकाएकी कोसळायची. १९६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स येथील अनुभवावरून अॅब्लेट यांनी ज्या चार श्रेणी केल्या, त्यांतली चौथी याच संकटाची आहे. ही अवस्था पुरती कळण्यासाठी रुग्ण तोवर जगावा लागत होता. तेव्हा मोजपट्टीत रुग्णाइतकेच इस्पितळही मोजले जाते. ज्या पाच लक्षणांना खेड्यातल्या दवाखान्यात मृत्यूची छाया मानतात, त्यांनाच सुसज्ज अतिदक्षता विभागात ‘लक्ष ठेवा’ एवढाच अर्थ असू शकतो. २००६ साली व्हिएतनाममध्ये तयार झालेल्या मोजपट्टीत तर रुग्णाचे वय, त्याचे इतर आजार आणि पहिल्या लक्षणानंतर तो किती दिवसांनी इस्पितळात पोचला, हेही धरले आहे. पोचायला उशीर का होतो, हे एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांना सांगायला नको.

आता खरा नैतिक प्रश्न. श्रेणी कळल्यावर काय करायचे? चरकाने व्याधींचे साध्य आणि असाध्य असे भाग केले, आणि असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याची विद्या, धन आणि कीर्ती यांची हानी होते असे बजावले. वैद्याच्या बाजूने पाहिले तर सल्ला व्यवहारी आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर तो दार बंद करणारा आहे. आजही पाचव्या श्रेणीच्या रुग्णाकडे ‘आता काय उरले आहे’ अशा नजरेने पाहिले, फेऱ्या कमी झाल्या, तर तो दगावतो आणि तक्ता बरोबर ठरतो. शाळेत मी हे फार पाहिले आहे. ‘क’ तुकडीला नवखे शिक्षक द्यायचे, आणि निकाल कमी लागला की म्हणायचे, तुकडीच तशी होती.

पण म्हणून मोजपट्टी फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. श्वासयंत्र एक आणि रुग्ण दोन असतील तर कोणीतरी निवड करणारच. ती पाच लक्षणांवरून झाली तर निदान जमीन किती, जात कोणती, भाषा कोणती आणि आमदाराची चिठ्ठी आहे का, यांवरून होत नाही. दुबळ्याच्या बाजूने बोलणारा आकडा मला प्रिय आहे. माझी अट एवढीच की त्याने ‘आधी इकडे या’ असे सांगावे, ‘इथे येऊ नका’ असे नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. सौम्य म्हणून लिहिलेला रुग्ण रात्रीतून गंभीर होऊ शकतो.

या मोजपट्ट्यांत एका गोष्टीला जागा नाही. धनुर्वातात शुद्ध हरपत नाही. शरीर धनुष्यासारखे वाकते, दरवाजा आपटला तरी आचका येतो, आणि हे सारे माणूस जाणिवेनिशी भोगतो. म्हणून त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्या गृहस्थांना घरी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘सर, खाटेपाशी उभं राहून माझं काय खरं नाही म्हणत होते, ते सगळं ऐकू येत होतं मला.’ बोलणारे परके नव्हते, घरचेच होते.

आमच्या शाळेत दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना पूर्वी टी.टी.ची सुई देत, आता टी.डी.ची देतात. गेल्या खेपेस त्यांचा नातू रांगेत होता. आजोबांना एकदा झाला, आता घरात भीती नाही, असे तो मित्रांना सांगत होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले की या आजारातून उठलेल्या माणसालाही प्रतिकारशक्ती येत नाही, त्यालाही लस घ्यावीच लागते. आजोबांना कोणी दिली का, असे विचारले. त्याला माहीत नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.